तपकिरी स्वेटरमधले सर

फॉर्म पाच यायला हवे होते आणि आले होते चार. विभागप्रमुख मॅडमनी ते दोनदा मोजले. एकमेकांना चिकटले असतील म्हणून एकेक सुटा करून पाहिला, तरी चारच.

फॉर्म एका पानाचा होता. वर मथळा, ‘अध्यापन व संशोधनातील आवडीचे विषय’, खाली पाच रिकाम्या ओळी आणि सहीची जागा. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गुन्हेशास्त्राच्या पदव्युत्तर विभागाची तपासणी करायला समिती येणार होती. पूर्णवेळ शिकवणारी पाच माणसं असतील तर अभ्यासक्रम चालू, चार भरली तर पुढच्या वर्षापासून कुलूप, असा समितीचा सरळ हिशेब होता. फॉर्म त्याच दिवशी पाचच्या आत मुख्य कार्यालयात जायला हवे होते. मॅडमनी या विभागात एकोणीस वर्षं घातली होती. एका कागदापायी ती पाण्यात जाणार होती.

या विभागात नावानं हाक मारायची पद्धत कधीच मागे पडली होती. जो ज्यावर संशोधन करी ते त्याला कायमचं चिकटे. साक्षीदारांना काय आठवतं आणि काय आठवत नाही, यावर ज्यांनी तीन पुस्तकं लिहिली ते साक्षीवाले सर. कुलपं आणि कड्यांवर जीव असलेले ते घरफोडीवाले सर. लोकांना गुन्ह्याची नको इतकी भीती का वाटते हे आकडेवारीनिशी सांगणाऱ्या त्या भीतीवाल्या बाई. मॅडमचा स्वतःचा विषय विषप्रयोग. तोंडावर त्यांना सगळे मॅडमच म्हणत, पण त्यांनी मागवलेल्या चहाला त्यांच्याआधी कुणी हात लावत नसे.

पाचवे होते बेपत्तावाले सर. माणसं नाहीशी कशी होतात हा त्यांचा विषय, आणि फॉर्म नेमका त्यांचाच आला नव्हता.

“सर रजेवर आहेत का हो?” मॅडमनी कार्यालयातल्या ताईंना विचारलं.

“छे! मस्टरवर रोजची सही आहे की. आजची पण आहे, हे बघा.”

“तुम्ही पाहिलंत त्यांना आज?”

ताई विचारात पडल्या. “सही पाहिली,” त्या म्हणाल्या.

मॅडम कोरा फॉर्म घेऊन खोली क्रमांक तीनकडे, सरांच्या वर्गाकडे निघाल्या. बाहेर दुपारीच अंधारून आलं होतं आणि व्हरांड्यातला एकुलता एक दिवा चालू-बंद होत होता. दाराच्या काचेतून त्यांनी आत डोकावलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. सर होते. दाराकडे पाठ करून, तपकिरी स्वेटर घालून, मान खाली घालून टेबलाशी बसले होते. मॅडमनी दार ढकललं, “सर, एवढी सही करून पाठवा हं, घाई आहे,” असं म्हणून फॉर्म दाराजवळच्या बाकावर ठेवला आणि वाचणाऱ्या माणसाला त्रास नको म्हणून मागं फिरल्या.

सव्वाचार वाजता त्या परत आल्या. फॉर्म बाकावर जिथल्या तिथं होता. सरही जिथल्या तिथं होते. मान तेवढीच खाली आणि उजवा हात टेबलावर तसाच.

“सर?” मॅडम म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, “अहो सर!”

काही नाही. आत जाऊन खांद्याला हात लावावा असं त्यांना वाटलं, आणि लावू नये असं त्याहून जास्त वाटलं. एकोणीस वर्षं विषप्रयोग शिकवलेल्या बाईला माणसाचं इतकं निवांत बसणं आवडत नाही. त्यांनी दारातूनच सरांना फोन लावला. घंटी वाजू लागली, पण समोर नाही. समोर सर हलले नाहीत, आणि घंटी खालच्या मजल्यावरून, जमिनीखालून आल्यासारखी वर येत राहिली.

मॅडम बाकावरचा फॉर्म उचलून निघाल्या. त्या धावल्या नाहीत, कारण विभागप्रमुख धावत नाहीत. पण व्हरांडा त्यांनी एवढ्या लवकर याआधी कधी ओलांडला नव्हता.

अध्यापक-खोलीत तिघंही होते. मॅडमनी दम घेत विचारलं, “बेपत्तावाल्या सरांना शेवटचं कुणी पाहिलं?”

“मी. काल,” साक्षीवाले सर लगेच म्हणाले. “तीन नंबरमध्ये. तपकिरी स्वेटर. चष्मा होता.”

“चष्मा नाही लावत ते,” घरफोडीवाले म्हणाले. “दाढी आहे.”

“दाढी?” भीतीवाल्या बाई म्हणाल्या. “मी सोमवारी चांगला नमस्कार केला, तर मान हलवायचं नाव नाही. आखडू माणूस! पण दाढी नव्हती.”

“गेल्या आठवड्यात मी त्यांना समितीबद्दल सांगितलं,” घरफोडीवाले म्हणाले. “सगळं ऐकून घेतलं. मध्ये एक शब्द बोलले नाहीत. मला तर फार बरं वाटलं.”

“आवाज कसा आहे हो त्यांचा?” मॅडमनी विचारलं.

कुणालाच आठवेना. सहा वर्षं शेजारी बसणाऱ्या माणसाचा आवाज, चेहरा, चष्मा, काहीच धड हाती लागेना. साक्षीवाल्या सरांनी तेवढ्यात खिशातून वही काढली आणि लिहायला घेतलं. “हे माझ्या चौथ्या प्रकरणात तंतोतंत बसतंय,” ते पुटपुटले.

“वही ठेवा!” मॅडम कडाडल्या. “त्यांचा फोन खाली वाजतोय. चला सगळे.”

खाली एकच गोष्ट होती, प्रात्यक्षिक घर. विद्यार्थ्यांना गुन्ह्याची जागा तपासायला शिकवण्यासाठी तळमजल्यावर बांधलेलं दोन खोल्यांचं खोटं बिऱ्हाड. बाहेर सोफा, आत पलंग, भिंतीवर रंगवलेली खिडकी आणि तिला खरा पडदा. घड्याळ कायम दोन वाजून दहा मिनिटांवर थांबवलेलं, कारण खून त्या वेळी होत असे. पलंगावर पुरुषभर उंचीचा, भुसा भरलेला पुतळा. मुलं त्याला मयत म्हणत.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरल्याबरोबर मॅडमना टेबलावर चहाचा कप दिसला. कपाशेजारी ‘पुरावा १’ अशी चिठ्ठी होती. दोरीवरच्या टॉवेलला ‘पुरावा २’, दारातल्या चपलांना ‘पुरावा ३’. मॅडमनी कपाला बोट लावलं आणि झटक्यात काढून घेतलं.

“गरम आहे,” त्या म्हणाल्या. “कुणाचं प्रात्यक्षिक आहे हे?”

“साक्षीवाल्यांचं ना?” घरफोडीवाले म्हणाले.

“माझं नाही. मला वाटलं, बाईंचं.”

“माझं कुठलं? मी तर तुमचं समजून वापरलं!” बाई म्हणाल्या. “तीन आठवडे मुलांना इथं आणून त्यांची भीती मोजतेय. दर आठवड्याला वाढतेय. कप रोज जागा बदलतो म्हणून मी तुमचं कौतुक करत होते हो!”

“चिठ्ठ्या मी लावल्या,” घरफोडीवाले म्हणाले. “मुलांकडून कुलूप तपासून घेतलं. फोडलेलं नाही, आत येणाऱ्याकडे किल्ली आहे, असं सगळ्यांनी बरोबर लिहिलं. वीसपैकी अठरा दिले मी.”

तीन आठवडे चार शहाणी माणसं या घरात येत-जात होती. इथं कुणीतरी राहतंय हे प्रत्येकाला दिसत होतं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या प्रात्यक्षिकाला धक्का नको म्हणून कपाला वळसा घालून जात होता. मॅडमनाही आठवलं, मागच्या सोमवारी त्यांनी स्वतः तो टॉवेल सरळ केला होता.

त्यांनी पुन्हा फोन लावला. घंटी आतल्या खोलीत वाजली.

पलंगावर मयत होता, डोक्यापासून पायापर्यंत चादर घेतलेला. घंटी त्या चादरीखाली वाजत होती. “घाबरायचं कारण नाही,” भीतीवाल्या बाई बारीक आवाजात म्हणाल्या. “आकडेवारी बघितली तर अशा ठिकाणी...” आणि चादर खालीवर झाली. एकदा, दोनदा, संथ, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. बाईंनी मॅडमचा हात असा धरला की पुढे आठवडाभर वळ राहिले. साक्षीवाल्या सरांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

चादर बाजूला झाली आणि बेपत्तावाले सर उठून बसले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि उशाखालच्या वहीत काहीतरी लिहिलं.

“तेवीस दिवस,” ते म्हणाले. “आलात एकदाचे.”

त्यांना दाढी नव्हती. चष्मा होता.

“सर, हा काय प्रकार आहे?” मॅडम ओरडल्याच.

“संशोधन. नोकरीतला माणूस नाहीसा झाला तर सहकाऱ्यांना किती दिवसांनी कळतं, हे बघायचं होतं. सकाळी सातला यायचं, सही करायची, दिवसभर इथं बसायचं, सहाला घरी. बायकोला ठाऊक आहे. आणि परवानगी तुम्हीच दिलीय, मॅडम.” त्यांनी वहीतून एक कागद काढला. अर्जात सगळं स्पष्ट लिहिलं होतं आणि खाली मॅडमच्याच अक्षरात ‘मंजूर’ होतं. न वाचता केलेली सही त्यांनी लगेच ओळखली.

“माझा अंदाज होता, चार दिवस,” सर म्हणाले. त्यांचा आवाज बारीक आणि गोड होता, आणि तो ऐकून सगळ्यांना ओशाळल्यासारखं झालं. “आठव्या दिवशी मी मुद्दाम खोकलो. पंधराव्या दिवशी दार सताड उघडं ठेवलं. घरफोडीवाले सर, तुम्ही आलात, चपलांना चिठ्ठी लावलीत आणि गेलात. मला रडू आलं हो.”

गेल्या तेवीस दिवसांत आपण या माणसाची एकदाही चौकशी केली नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

“मग वर खुर्चीत कोण बसलंय?” त्यांनी हळूच विचारलं.

“मयत. मला पलंग हवा होता, म्हणून पहिल्याच दिवशी त्याला माझा स्वेटर घालून वर्गात बसवला. म्हटलं, हे बघून तरी कुणी बोंब मारेल. मुलांना वाटलं, तेच प्रात्यक्षिक. ती त्याच्यासमोर बसून आपापसांत चर्चा करतात आणि हजेरी लावून जातात.”

भीतीवाल्या बाईंना सोमवारचा नमस्कार आठवला आणि त्या मटकन सोफ्यावर बसल्या.

पाचला तेरा मिनिटं कमी होती. सरांनी पलंगावरच फॉर्म भरला, मॅडम या वेळी खरोखरच धावल्या, आणि कागद वेळेत पोचला. त्या गडबडीत पुतळा खाली आणायचा राहून गेला. दुसऱ्या कुणीतरी आणला असेल, असं प्रत्येकानं गृहीत धरलं.

दुसऱ्या दिवशी समिती आली, मॅडमच्या खोलीत पाचही जणांना भेटली आणि समाधानानं गेली. समितीतले एक वयस्कर गृहस्थ मधेच एकटे व्हरांड्यात फेरी मारून आले होते. आठवड्यानं अहवाल हाती पडला आणि मॅडमनी तो अध्यापक-खोलीत सगळ्यांना वाचून दाखवला.

“अभ्यासक्रम चालू ठेवण्यास हरकत नाही,” त्यांनी वाचलं. खोलीत टाळ्या झाल्या. “पुढे काय लिहिलंय ऐका. ‘खोली क्रमांक तीनमधील सहाव्या अध्यापकांचा वर्ग विशेष आवडला. ते विद्यार्थ्यांना मधेच तोडत नाहीत. त्यांचा आवडीच्या विषयांचा फॉर्म मात्र जोडलेला नाही, तो त्वरित पाठवावा.’”

हसता हसता सगळ्यांचे डोळे पाणावले. बेपत्तावाले सर तेवढे हसले नाहीत.

“त्याला एका दिवसात पाहिलं,” ते म्हणाले. “मला तेवीस लागले.”

हसणं थांबलं. मॅडम उठल्या, त्यांनी आपल्या शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, “सर, आजपासून तुम्ही इथं बसायचं. मी रोज सकाळी तुमच्याशी दोन शब्द बोलणार. सही बघून नाही, तोंड बघून.” सर येऊन बसले. त्यांचे कान लाल झाले होते, पण चेहरा खुलला होता.

मॅडमनी चहा मागवला. ताईंनी ट्रे आणून ठेवला. नेहमीप्रमाणे मॅडमच्या चहाला कुणी आधी हात लावेना. कोपऱ्यातल्या खुर्चीत तपकिरी स्वेटर घातलेला मयत मान खाली घालून बसला होता. त्याला तिथं कुणी आणलं हे कुणी विचारलं नाही. कुणाचं तरी प्रात्यक्षिक असणार.

“ताई, सहा कप कसे?” मॅडमनी मोजून विचारलं.

“सहा जण आहात ना?” ताई जाता जाता म्हणाल्या.

पाच कपांतून वाफ निघत होती. कोपऱ्याकडचा सहावा कप रिकामा होता, आणि त्याचा तळ अजून ओला होता.