मुअल्लिमचे बर्फाचे टायर

मी एरवी गप्प बसणारा माणूस. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी टायरांच्या मागे जाऊन उभा राहतो (टायरच्या आत मावलो असतो तर आतही बसलो असतो). त्या दिवशी मुअल्लिमनी प्रश्न विचारला तेव्हाही मी गप्प राहिलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण मी "हो" म्हणालो.

मुअल्लिम म्हणजे आमचे मालक. कुवेतमध्ये, दस्मानात, त्यांचं टायरचं दुकान होतं. तरुणपणी मुंबईत खजूर विकल्यामुळे ते हिंदी बोलत, तीही माझ्यापेक्षा बरी. त्यांची मुलगी लेबनॉनच्या डोंगरात दिलेली. तिला मुलगा झाला होता आणि नातवाला बघायला मुअल्लिम ऐन जानेवारीत मोटारीने निघणार होते.

"गफूर, उधर रस्ते पे बर्फ होता है. बर्फ का टायर समझता है?"

"हो."

"तो ये तीन में से एक पसंद कर. जुम्मेरात को गाडी पे चढा दे. काम सही हुआ तो पीछेवाली कोठरी तेरी."

त्या खोलीसाठी मी बर्फच काय, समुद्रावर चालणारा टायरही समजतो म्हणालो असतो. शरीफा बोटीने कुवेतला येऊन सहा महिने झाले होते आणि आमचा संसार खैतानात ओळखीच्या नझीरभाईंच्या खोलीत, पडद्याच्या अलीकडे चालला होता. आम्ही दोघं कुजबुजत बोलायचो, आणि आमची कुजबूज संपली की पलीकडून नझीरभाई उत्तर द्यायचे.

आता बर्फ मी पाहिला नव्हता असं नाही. दाभोळच्या बंदरात सुरमईवर घालतात तो पाहिला होता. म्हणून शुक्रवारी नमाजनंतर बर्फाच्या कारखान्यातून दोन लाद्या आणल्या, अंगणात मांडल्या आणि तिन्ही प्रकारांतला एकेक टायर त्यांवरून ढकलून पाहिला.

पहिला रुंद आणि गुळगुळीत, वाळूत चालणारा. तो सटकला आणि मला घेऊन नझीरभाईंच्या बायकोच्या, आमिनाभाबींच्या, धुण्यात शिरला. दुसरा खोल नक्षीचा. तो जरा घसरला, जरा थांबला. तिसरा मात्र कर्र कर्र करत बर्फाला असा चिकटला की ढकलून ढकलून माझेच पाय मागे जायला लागले.

"हाच!" मी ओरडलो. (मोठ्याने बोलल्याचा मलाच धक्का बसला.)

लाद्या आमिनाभाबींनी सरबताला घेतल्या. ते सरबत नझीरभाईंनी पिऊन "यात रबर घातलंय का?" असं विचारलं, तो भाग सोडून देतो.

मग मी निवडलेल्या टायरवरून हात फिरवला. हा आमच्या दुकानाचा नियम. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मुअल्लिमनी शिकवलं होतं: टायर हातात आला की आधी हात फिरव, खिळा लागला की काढ, भोक बुजव, मग बाकीचं. तर या टायरला खिळा लागला. त्याच्या शेजारी दुसरा. बुटके, बोथट, पोलादी खिळे, टायरभर! त्याच्या जोडीचे बाकीचे तीन दुकानातून आणून तपासले तर त्यांचीही तीच गत.

मी पक्कड घेऊन बसलो. तीन दिवस कामावरून आलो की खिळे उपटायचो. शरीफा ते लोणच्याच्या बरणीत टाकायची.

"अवो," ती म्हणाली, "ह्या टायरात एकशे बारा निघाले. कालच्यातही एकशे बाराच होते."

"असतील."

"आणि सगळे रांगेत. रस्त्यावरचे खिळे असे रांगेत टोचतात?"

"टोचतात कधी कधी."

"पण टायर नवा ना? रस्त्यावर गेलाच कधी?"

मी विचार केला. "बोटीत खिळ्यांच्या पेटीवर ठेवले असतील."

"आणि बर्फावर कर्र कर्र करत होता, तो खिळ्यांमुळे तर नसेल?"

"शरीफा, तुला टायरमधलं काय कळतं?"

पडद्यापलीकडून नझीरभाई म्हणाले, "तिचं बरोबर वाटतंय रे." मी खिळे उपटत राहिलो. एकेका भोकात रबर भरलं, वरून घासलं. टायर इतके गुळगुळीत झाले की हात फिरवावासा वाटे.

जुम्मेरातला, म्हणजे गुरुवारी, टायर चढवून मी गाडीशेजारी उभा राहिलो, आणि मुअल्लिम आल्यावर बरणी पुढे केली.

"ये क्या है?"

"खिळे, मुअल्लिम. चारशे अठ्ठेचाळीस. एकूण एक काढले."

मुअल्लिमनी बरणी हलवून पाहिली. मग गाडीच्या पायरीवर बसले.

"गफूर," ते अगदी हळू म्हणाले, "ये कील कारखानेवाला लगाता है. बर्फ पकडने के लिए."

मला तेव्हा टायरच्या आत फार मावावंसं वाटलं. पण आत जागा नव्हती, म्हणून बोलत सुटलो. दाभोळची सुरमई सांगितली, लाद्या सांगितल्या, शरीफाचे प्रश्नही एकेक करून सांगितले. ऐकता ऐकता मुअल्लिमचे खांदे हलायला लागले. रडतात की काय म्हणून मी पाणी आणायला धावलो, पण ते हसत होते.

दुसरे, खोल नक्षीचे टायर त्यांनी समोर उभं राहून माझ्याकडून चढवून घेतले. गाडीत बसताना खिशातून किल्ली काढली. मी हात पुढे केला.

"तेरे लिए नहीं," ते म्हणाले. "कोठरी तेरी घरवाली की. उससे पूछ, तुझे रखती है क्या."

तिने ठेवलं. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, आम्ही सामान हलवलं. शरीफाने आरसा टांगायला भिंतीत खिळा ठोकला, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि पक्कड उचलून ट्रंकेत घातली. मग ट्रंकेला कुलूप लावलं.