अमावास्येचं पान

आमच्या मालूआत्या वाढदिवसाच्या पंगतीत सर्वांत आधी डोळे वाढतात. रसगुल्ल्यात काळं द्राक्ष बसवलेले, केशराच्या लाल शिरांचे, नेमके तुमच्याकडेच बघणारे.

मालूआत्या ही माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. वय बहात्तर, मुक्काम शनिवार पेठ, एकट्या. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवल्यामुळे सांगाड्यांशी घरोबा. घरात वाढदिवस कुणाचाही असो, स्वयंपाक त्यांचा आणि तो भुतांचाच. कोथिंबीर वडीची बोटं, त्यांना बदामाची नखं. शेवयांची खीर म्हणजे हडळीचे केस. पाहुणा दचकला की म्हणतात, "भ्यायलात ना? मग मीठ बरोबर पडलंय."

सामानाच्या याद्या माझ्याकडे असतात. त्यात आत्या 'नखं, पाव किलो' असं लिहून ठेवतात. वाण्याकडे जाण्यापूर्वी मी ते खोडून 'बदाम' करते.

यंदा प्रश्न माझ्या मुलीचा, इराचा होता. आमच्याकडे वाढदिवस तिथीने करतात आणि इरा जन्मली सर्वपित्री अमावास्येला. त्या दिवशी पितरांचं पान असतं, म्हणून तिचा वाढदिवस दरवर्षी नवरात्रात ढकलला जातो आणि तिथे घटाच्या गडबडीत उरकला जातो. या वेळी तिला दहा वर्षं पूर्ण होणार होती. तिने विचारलं, "आई, माझ्याच दिवशी सगळ्यांना मेलेली माणसं का आठवतात?"

 उत्तर आत्यांनी दिलं, तेही थेट माझ्या सासऱ्यांना.

"अण्णा, यंदा पोरीचा वाढदिवस त्याच दिवशी. मी करणार."

"मालू, पितरांच्या दिवशी तुझे भुताखेतांचे चाळे नकोत," सासरे म्हणाले.

"पितर म्हणजे तरी कोण? आपलीच भुतं."

शेवटी तह झाला. अण्णांनी ठेवलेल्या पानाला कावळा शिवला, तर वाढदिवस त्याच दिवशी. नाही शिवला, तर नवरात्रात.

अमावास्येला दुपारी बारा वाजता अण्णांनी गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं. वरण-भात, खीर, वडे, सगळं रीतसर. कावळा पाण्याच्या टाकीवर बसला आणि त्याने पाठ फिरवली. अर्धा तास गेला. अण्णांनी हात जोडले, मग चक्क "काव काव" करून पाहिलं. नवा फ्रॉक घातलेली इरा जिन्यात उभी होती. तिची नजर कावळ्यावर नव्हती, आजोबांवर होती.

तेवढ्यात आत्या आपलं ताट घेऊन वर आल्या आणि त्यांनी ते शेजारी ठेवलं. कावळा टाकीवरून थेट खाली आला, ताटातला एक डोळा उचलला आणि उडाला. पाठोपाठ दुसरा आला, त्याने बोट नेलं.

"बघा, वडील अजिबात भ्यायले नाहीत," आत्या म्हणाल्या.

अण्णांनी दोन्ही पानांकडे पाहिलं. "पान मालूचं, पण कावळा घरचाच," ते म्हणाले. "शिवला असं धरू."

इराने जिन्यातून जी आरोळी ठोकली, ती समोरच्या इमारतीपर्यंत गेली. शेजारच्या जोशीकाकू खिडकीतून म्हणाल्या, "कोण गेलं?" आत्या म्हणाल्या, "कोणी गेलं नाही हो, दहा वर्षांची झाली!"

खाली पानं मांडेपर्यंत अण्णांनी उभ्याउभ्याच तीन बोटं संपवली. मी औक्षणाचं तबक घेतलं. इरा पाटावर बसली. तर अण्णा स्वतः आत जाऊन दुसरा पाट घेऊन आले.

"मालू, तूही बस. तुझीही तिथी आजचीच."

 अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "हिचा वाढदिवस कधी केलाच नाही आम्ही. आई श्राद्धाच्या स्वयंपाकात असायची, आणि ही कावळ्याची वाट बघत उपाशी."

माझ्या वहीत घरातल्या चौदा जणांचे वाढदिवस आहेत. आत्यांचा नव्हता. अठरा वर्षं त्यांच्या हातचं खाऊन मी कधी विचारलाच नव्हता.

इराने त्यांचा हात धरून खेचलं. "आत्याआजी, बस ना गं!"

"थांब, आधी पदर सारखा करू दे," त्या म्हणाल्या.

मी निरांजन लावून उभी राहिले. त्यांचा पदर सारखा व्हायला बराच वेळ लागला.