कुरकुर यादीत नाही

पोशीरच्या देवेशने नवी गाडी घेतली. तिच्या इंजिनातून आवाज येतो, ही बाब सर्वप्रथम त्याच्या मातोश्री गोदूबाई यांनी मागच्या सीटवरून निदर्शनास आणून दिली.

"देवेश, काय तरी कुरकुरतंय रं."

देवेशने काचा वर केल्या. कुरकुर आत राहिली. कर्जतचा चढ लागला तशी ती वाढली. देवेशची बायको संजना हिला आठवा महिना होता आणि गाडी घेतली होती तीच मुळी तिला वेळेवर पनवेलच्या दवाखान्यात नेता यावं म्हणून. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी तिघेही चौक गावाजवळच्या कंपनीच्या सेवा केंद्रात हजर झाले.

केंद्र काचेचं होतं. आत गारवा होता, कॉफी होती, आणि विपुल नावाचा टाय लावलेला सल्लागार होता.

"आवाज कोणत्या प्रकारचा, सर? सिस्टममध्ये तीन आहेत. खडखड, घरघर आणि शिट्टी."

"कुरकुर हाय," गोदूबाई म्हणाल्या.

विपुलने पडद्यावर बरंच शोधलं. "कुरकुर गाडीच्या यादीत नाही, मॅडम. ती ग्राहकांच्या यादीत आहे."

तडजोड म्हणून 'घरघर' नोंदवण्यात आली. गाडीला संगणक जोडला. संगणकाने गाडी ठणठणीत असल्याचं जाहीर केलं. मग विपुल स्वतः गाडी चालवून आला. तोपर्यंत आवाज इतका वाढला होता की महामार्गावरच्या ढाब्यातली माणसं हातातला घास थांबवून बघत होती.

"ऐकलात ना?" देवेशने विचारलं.

"ऐकला, सर. पण मी ऐकलेलं धरत नाहीत. संगणकाने ऐकायला हवं."

"मग आता?"

"संगणक आणि ग्राहक यांच्यात मतभेद झाल्यास ग्राहकाची तपासणी करायची, असा नियम आहे."

देवेश कर्जतला कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी त्याला एका पेटीत बसवलं, कानात बारीक आवाज सोडले आणि कान उत्तम असल्याचा दाखला दिला. तो वाचून विपुलचा चेहरा उतरला.

"कान फारच चांगले आहेत, सर. कंपनीची गाडी साधारण कानांसाठी असते. आपल्या बाबतीत हा गाडीचा दोष धरता येणार नाही."

चिडलेला देवेश गाडी घेऊन चौकमधल्या झहीरच्या गॅरेजात शिरला. झहीरने गाडी लांबूनच पाहिली.

"वॉरंटीत हाय ना? मग बोनेटला हात लावणार नाय. मी नट फिरवला तर सगळा बिघाड माझ्या नावावर. वॉरंटी संपू दे, मग आन. तवा कामपण मोठं निघंल." आणि तो आनंदाने चहा प्यायला निघून गेला.

देवेशने वर तक्रार केली. वरून तत्काळ दखल घेण्यात आली आणि 'ध्वनी संतुलन योजने'खाली त्याच्या गाडीत चार मोठे स्पीकर मोफत बसवण्यात आले. विपुलने गाणं लावलं, आवाज चढवला आणि नम्रपणे विचारलं, "आता येतोय का आवाज, सर?"

"काय?" देवेश म्हणाला.

तक्रार निकाली निघाली.

खरं सांगायचं तर देवेशलाही बरं वाटलं. स्पीकर भारी होते. पोशीरमध्ये त्याची गाडी वळणावर दिसण्याआधी ऐकू यायची आणि लोक कौतुकाने बघायचे. संजना एकदा म्हणाली, "अहो, गाणं बंद करून बघा ना जरा." देवेशने ते ऐकलं नाही. ऐकू येणं शक्यही नव्हतं.

एका दुपारी संजनाला कळा सुरू झाल्या. गाडी निघाली. कर्जत मागे पडलं, चौक जवळ आलं, आणि अचानक गाडीतून धूर यायला लागला. मग धक्का बसला आणि गाडी थांबली. इंजिन आतून जाम झालं होतं. गाणं मात्र चालू होतं.

"बंद कर रं मेल्या ते!" गोदूबाई ओरडल्या. संजनाने त्यांचा हात घट्ट धरला होता. देवेशच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने गाणं बंद केलं आणि केंद्रात फोन लावला.

"विपुल, गाडी बंद पडली! बायकोला कळा येतायत!"

"आवाज येतोय का, सर?"

"कसला आवाज? इंजिन गार पडलंय!"

"म्हणजे पूर्ण शांतता?" विपुलच्या सुरात अभिनंदन होतं. "सर, शांतता बिघाडांच्या यादीत नाही. ती वैशिष्ट्यांच्या यादीत आहे. माहितीपत्रकात पहिल्याच पानावर."

देवेशने फोन कापला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. भाजीचा एक टेंपो थांबला. त्या टेंपोत खडखड, घरघर, शिट्टी हे तिन्ही प्रकार एकदम वाजत होते. दुधीच्या गोण्यांवर गोधडी टाकून संजनाला निजवलं, आणि टेंपोने तिला वेळेत पनवेलला पोचवलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप. गोदूबाईंनी टेंपोवाल्याला पेढे दिले आणि टेंपोलाही कुंकू लावलं.

गाडी अजून केंद्राच्या आवारात आहे. तिच्या दुखण्याला सिस्टममध्ये नाव मिळायचं आहे.

आठवड्याने विपुलचा फोन आला. आवाज रडवेला होता. "सर, अभिप्राय द्याल ना? पाचपेक्षा एक तारा जरी कमी पडला तरी माझी नोकरी जाते हो."

देवेशला दया आली. त्याने पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, 'गाडी अत्यंत शांत. सेवा तत्पर.'

संजना बाळाला मांडीवर घेऊन हे बघत होती. "अहो, खोटं का लिहिलंत?"

"पोराच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?"

"आणि हे वाचून जे गाडी घेतील ते?"

"ती शिकलेली माणसं असतात गं. नीट चौकशी करूनच घेतात."

तुम्ही केलीतच चौकशी. पहिलाच अभिप्राय देवेशचा होता. तो उपयुक्त वाटल्याचंही तुम्ही खाली अंगठा दाबून कळवलंत. तुमची गाडी पुढच्या आठवड्यात मिळेल.