नानांचा भोंगा आणि लाखमोलाचे हत्ती

सिनेमाची जाहिरात करायचा पगार घेऊन ‘हा सिनेमा बघू नका हो’ असं गावभर ओरडत फिरणारा माणूस तुम्ही पाहिला आहे काय? नाही ना? मग तुम्ही आमच्या वेळच्या डोंबिवलीत राहिला नाहीत आणि धोंडूनाना तुमच्या शेजारी राहिले नाहीत. माझ्या राहिले. माझा डावा कान अजून त्याची साक्ष देतो.

नाना गावातल्या एकुलत्या एक थेटराचे दवंडीवाले. थेटर म्हणजे आबाशेठांची भाताचा पेंढा ठेवायची पत्र्याची वखार. आबाशेठ इथले मूळचे, खाडीपर्यंत जमीन असलेले. त्यांना एकदा सिनेमाचं वेड लागलं, पेंढा बाहेर गेला आणि बाकं आत आली. टांग्याच्या दोन्ही बाजूंना रंगवलेले फलक बांधायचे, पुढे एक ढोलवाला बसवायचा आणि पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून नानांनी निघायचं. आवाज असा, की नाना डोंबिवलीत नुसते खाकरले तर ठाकुर्लीच्या म्हशी पान्हा चोरायच्या आणि एकदा तर दिवा स्टेशनच्या मास्तरानं घाबरून सिग्नल पाडला. खोटं वाटत असेल तर त्या म्हशींना विचारा.

पण नानांची खरी तऱ्हा निराळीच. ते आधी स्वतः सिनेमा बघत आणि मगच भोंग्याला तोंड लावत. “गाणी उत्तम, गोष्ट बेताची! मध्यंतरानंतर डुलकी काढायला हरकत नाही!” किंवा, “नायिका झकास रडते, पण नायक सारखा मध्ये बोलतो!” वाईट सिनेमा असला की टांग्याचा घोडासुद्धा पाय ओढत चालायचा. कोणी हटकलंच तर नानांचं उत्तर ठरलेलं: “भोंग्याला दोन तोंडं असतात, मला एकच आहे.”

आणि लोकांचा विश्वास तरी केवढा! एकदा एक फाटका सिनेमा आला. त्यात ना नट नावाजलेला, ना राजवाडा. एक शिंपी, त्याची म्हातारी आई आणि एक खोली. नाना एवढंच ओरडले, “आईला घेऊन या!” गाव लोटलं. शेवटच्या प्रसंगाला सगळ्यांनी मिळून असा हुंदका दिला, की छपराचे पत्रे वीतभर वर उचलले गेले आणि परत बसले ते थोडे वाकडेच.

मग तो मोठा सिनेमा आला. काचेचा महाल, खरे हत्ती, लाखोंचा खर्च. आबाशेठांनी मुंबईच्या वितरकाच्या हातापाया पडून त्याच्या रिळांची पेटी आणली. वितरकाची अट सरळ होती: हा चालला तर पुढच्या पेट्या मिळतील, पडला तर एकही नाही. म्हणजे बाकं बाहेर आणि पेंढा पुन्हा आत.

नानांनी पहिला खेळ बघितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टांग्यात चढले. आम्ही सगळे ओट्यांवर.

“ऐका हो! हत्ती खरे आहेत! महाल खरा आहे! दागिने खरे आहेत! माणसं तेवढी खोटी आहेत! ज्याला हत्ती बघायचे त्यानं यावं, बाकीच्यांनी घरी सुखानं जेवावं!”

आबाशेठ धोतर सावरत टांग्यामागे धावत आले. “नाना, मना मारायला निंगालास काय रं? लाखो रुपये घातलेत सिनेमावाल्यांनी!”

“मग त्यांनी बघावा!” नाना भोंग्यातूनच गरजले. “आबाशेठ, ठाकुर्लीहून बायका कंदील घेऊन रुळाच्या कडेनं चालत येतात. पोर खांद्यावर टाकून. माझ्या शब्दावर येतात! परत जाताना त्या बाईला मनात काहीतरी नेता आलं पाहिजे. हत्ती ती कुठं ठेवील?”

“तुजी नोकरी जाईल, बग!”

“जाऊ दे. जीभ इथंच राहील.”

आबाशेठांनी भोंगा हिसकावला, नानांना खाली उतरवलं आणि स्वतः वर चढले. “लय मोठा सिनेमा हाय! लय म्हंजी लयच मोठा!” लोक शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, “ते खरं शेठ, पण नाना काय म्हणतात?”

नाना आपल्या दारात बसलेले. पाण्याला निघालेल्या बाया थांबत. “नाना, जावं का हो?”

“मी काढून टाकलेला माणूस. मला मत नाही,” असं म्हणून ते मान एवढ्या जोरात हलवत, की डोक्यावरची टोपी अंगणात जाऊन पडे.

मी म्हटलं, “नाना, मानेला तरी आवरा.”

“पगार तोंडाचा होता रे. मान पहिल्यापासून माझीच आहे.”

सिनेमा पडला. असा पडला, की धूळसुद्धा उडाली नाही, कारण उडवायला थेटरात कोणाचं पाऊलच नव्हतं. वितरकाचा निरोप आला: गुरुवारी शेवटचा खेळ, शुक्रवारी पेटी परत.

गुरुवारी संध्याकाळी मी आत डोकावलो. एवढी बाकं, आणि सगळ्यांत पुढच्या बाकावर दोनच डोकी. एक आबाशेठांचं पागोटं. दुसरी नानांची टोपी!

दारावरचा माणूस म्हणाला, “नाना रोज येतात. तिकीट काढून. शेठ पहिले दोन दिवस बोललेसुद्धा नाहीत त्यांच्याशी. तरी शेजारीच बसतात.”

मी अंधारात चाचपडत नानांच्या मागे जाऊन बसलो. “नाना, तुम्ही? ह्या सिनेमाला?”

“हळू बोल. वाईटच आहे. काल होता त्याहून आज वाईट आहे.”

“मग रोज कशाला?”

ह्या माणसाला कुजबुजता येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. “अरे, एवढ्या रिकाम्या बाकांपुढं माणसानं एकट्यानं कसं बसायचं? मला सवय आहे, माझ्या घरी तसंच असतं. त्यांना नाही.”

पडद्यावर हत्ती आले. आबाशेठ नजर न हलवता म्हणाले, “नाना, हत्ती तरी बरं हायेत ना रं?”

नाना पुढे वाकले. चष्मा सारखा केला आणि एकेक हत्ती नीट पारखून घेतला. खोटं बोलायला ते ह्या घडीलाही तयार नव्हते.

“तो शेवटचा आहे ना,” नाना म्हणाले, “तो मनापासून चालतोय.”