हवेच्या दाबाबाबत एकमत होईपर्यंत

हवा ही सर्वांची असते, परंतु एकदा का ती गाडीच्या टायरमध्ये शिरली की घरातल्या पुरुषांची होते. हा नियम कुठेही लिहिलेला नाही. तो मोडावा असं आजवर कुणाच्या मनातच आलं नाही, मग लिहिणार कोण?

सदर घरात असे पुरुष तीन होते. सासरे आणि नवरा हे जन्माने, आणि शेजारचे व्हॉल्व्हकाका खिशातल्या दाबमापकामुळे. (ज्याच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी हवा मोजायचं यंत्र असतं, त्याला कुठल्याही घरात परका म्हणायची सोय नाही.) तिघांचाही अभ्यास दांडगा होता आणि तिघांचे आकडे वेगळे होते.

सासरे अठ्ठावीस पाउंडांचे. त्यांच्या पहिल्या गाडीत अठ्ठावीस असायची आणि ती लोण्यासारखी चालायची. ती भंगारात निघाली, तिच्या टायरांच्या चपला होऊन त्याही झिजल्या असतील, आकडा मात्र शाबूत राहिला. नवरा छत्तीसचा. टणक टायर कमी पेट्रोल पितं, असं त्याने एका व्हिडिओत पाहिलं होतं, आणि या मार्गाने वाचलेलं पेट्रोल तो दर रविवारी हवा तपासायला लांबच्या पंपावर जाऊन सत्कारणी लावत असे. व्हॉल्व्हकाका ऐकिवावर चालणारे नव्हते. टायरच्या अंगावर एक्कावन्न कोरलेलं आहे आणि आपल्याला वाचता येतं, एवढंच त्यांचं म्हणणं. तो आकडा म्हणजे टायरला सोसेल तो शेवटचा दाब, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. परंतु पुलावरची 'वीस टनांपेक्षा जड वाहनांस मनाई' ही पाटी वाचून जो गृहस्थ वीस टन माल गोळा करायला निघतो, त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेता येत नाही.

कार्यपद्धती अशी होती. सासरे पहाटे फिरायला जाताना किल्लीच्या टोकाने थोडी हवा सोडत. नवरा संध्याकाळी छोट्या पंपाने थोडी भरे. काका येता-जाता, शेजारी म्हणून, आणखी थोडी भरत. कुणी कुणाला बोलत नसे. त्यामुळे टायरांत साधारण हवी तेवढी हवा कायम राही, आणि ती आपल्यामुळे राहते असं प्रत्येकाला वाटे. याला शास्त्रात समतोल म्हणतात आणि कुटुंबात एकोपा.

ही व्यवस्था बिघडली ती सूनबाईमुळे. तिला गाडीने कुठेतरी जायचं होतं.

बाळंतपणाची रजा, तिच्यामागची बिनपगारी रजा, दोन्ही संपून त्या सोमवारी तिला छापखान्यात दहाच्या आत हजर व्हायचं होतं. मुद्रितं तपासायचं तिचं टेबल तोवर एक नवी मुलगी सांभाळत होती. साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, "आलात तर आनंदच आहे. वेळेत नाही आलात तर तिलाच कायम करतो, म्हणजे तुमच्यावरही दडपण नको." (साहेब लोक काळजी करायला लागले की खुर्ची डुगडुगायला लागते.) वाटेत पिल्लाला पाळणाघरात सोडायचं होतं, पहिल्यांदाच. तिने पिशवीत त्याचं दुपटं, बाटली आणि आपला एक जुना, मुद्दाम न धुतलेला शर्ट भरला होता. आईच्या वासाने पोरं निजतात, असं पाळणाघरातल्या ताई म्हणाल्या होत्या. पिल्लू नऊ महिन्यांचं. निघण्याआधीच त्याने तिच्या इस्त्रीच्या कॉलरवर लाळेची मोहोर उमटवली होती.

खाली येऊन बघते तो तिन्ही तज्ज्ञ गाडीभोवती उकिडवे. आज सूनबाई एकटी गाडी नेणार म्हणून तिघांनीही एकाच वेळी तिची काळजी घ्यायचं ठरवलं होतं. जे रोज चोरून व्हायचं ते समोरासमोर आल्याने प्रश्न तत्त्वाचा झाला होता.

"बाबा, मला दहाच्या आत पोचायचंय हं."

"पोचशील गं," सासरे म्हणाले. "पण ह्याने ठासून भरलीय तेवढ्यावर निघालीस तर वाटेत फुटेल."

"अठ्ठावीसवर गाडी चालत नाही बाबा, रांगते," नवरा म्हणाला.

"रांगू दे की. आत बसणारंही रांगणारंच आहे."

"सूनबाई," व्हॉल्व्हकाका गुडघे धरून उठत म्हणाले, "तुम्हाला यातलं कळणार नाही असं मी अजिबात म्हणत नाही. मी एवढंच म्हणतोय, वेळ लागेल."

तिने पुढचं दार उघडून पिशवी आत टाकली. तेवढ्यात कडेवरचं पिल्लू दाराच्या चौकटीवरची एक पट्टी नखाने खरवडायला लागलं. गाडी बनवणाऱ्यांनी तिथे टायरांचा दाब छापून ठेवला होता. गाडी घेतल्यापासून त्या पट्टीची दखल घेणारी ही घरातली पहिलीच व्यक्ती. सूनबाईने आकडा मोठ्यांदा वाचून दाखवला.

सासऱ्यांनी पट्टीकडे न बघताच हात झटकला.

"ते कंपनीचं असतं," सासरे म्हणाले.

"पण गाडी कंपनीनेच बनवलीय ना?"

"बनवली असेल. वापरलीय कुठे?"

नवऱ्याने वडिलांना आयुष्यात प्रथमच दुजोरा दिला. काकांनीही मान हलवली. पट्टी चूक आहे, एवढ्यावर तिघांचं एकमत झालं. ही लहान गोष्ट नव्हे.

उरलेला वाद प्रयोगाने मिटवायचं ठरलं. नवरा गाडी घेऊन गेला आणि मोठी चक्कर मारून आला. चालल्याने टायर तापले, तापल्याने आतला दाब चढला, आणि मापकाचा काटा कुणाच्याच आकड्यावर थांबेना. खरा दाब टायर थंड असतानाच कळतो, हे मग तिघांनाही एकदम आठवलं. सबब, टायर निवेपर्यंत गाडी जागची हलवू नये असा ठराव झाला. (म्हणजे योग्य दाब हा उभ्या गाडीचा गुण आहे. गाडी निघाली की तो ढळतो. तो कायम राखायचा तर गाडीने कुठेही न जाणं हा एकच खात्रीचा उपाय उरतो, आणि तोच अवलंबण्यात आला.)

"मग मी जाऊ कशी?"

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं," नवरा म्हणाला. ते खरंच होतं. तिच्या काळजीत तो इतका गढला होता की तिच्याकडे बघायलाही त्याला सवड झाली नाही.

सूनबाईने पिशवी खांद्याला अडकवली आणि पिल्लाला घेऊन बस गाठली. बसच्या टायरांत किती हवा आहे हे कुणीच विचारलं नाही, त्यामुळे बस निघाली. पाळणाघराच्या दारात पिल्लाने तिच्या कानातलं धरून ठेवलं. ताईंनी त्याचं एकेक बोट सोडवलं. जुना शर्ट देऊन ती वळली, पण आतलं रडणं थांबेपर्यंत तिचा पाय जिन्यावरून उतरेना. (हा वेळ कुठल्याही ठरावात धरलेला नव्हता.)

छापखान्यात पोचेपर्यंत दहा वाजून गेले. टेबलाशी ती मुलगी मान खाली घालून काम करत होती.

"उशीर झाला," साहेब म्हणाले.

"टायरमधल्या हवेमुळे, सर."

साहेबांनी समोरचे कागद बाजूला सारले आणि प्रथमच तिच्याकडे आस्थेने पाहिलं. "किती ठेवता तुम्ही?"

ती तोंड उघडणार तोच शिपाई म्हणाला, "तिसाच्या वर जाऊच नये साहेब."

"तीस? वेडा आहेस का? मी चाळीसशिवाय गाडीत पाय ठेवत नाही."

बाइंडिंग विभागातले दोघे आत डोकावले. त्यांचेही आकडे होते. चहा मागवण्यात आला. चर्चा उत्तम झाली.

एवढं वाचून सुजाण वाचकाला एक चुटपुट लागली असेल, की त्या पट्टीवर शेवटी आकडा होता तरी किती. काहींनी मागे जाऊन शोधलाही असेल, अर्थात स्वतःचा आकडा मनात घट्ट धरूनच. तर तो तेहतीस होता. झालं समाधान? आता तुमचाच कसा बरोबर आहे ते सावकाश ठरवा. जागा त्या मुलीला मिळाली. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगायचं राहून जात होतं.