रुसवा निवारण कक्ष, कोलशेत

ज्या समाजात रुसणाऱ्याला मान नाही, तो समाज सुधारलेला म्हणवून घ्यायला अपात्र होय. कोलशेतचे पंढरीआबा हे जाणून होते. गावच्या लग्नांतले रुसलेले व्याही, मेहुणे, मामे त्यांनीच मनवून मांडवात आणले होते. त्यामुळे सून जागृतीच्या ‘घरगुती मटण-भाकरी’च्या ऑनलाइन जाहिरातीखाली डोंबिवलीच्या कुणा सलिलने ‘रस्सा पातळ, भाकरी वातड’ असं लिहून एकच स्टार दिला, तेव्हा प्रकरण आपसूक त्यांच्या अखत्यारीत आलं.

जागृतीला धडकी भरली होती. मानपाड्याच्या मायाताईंचा मुलगा सम्यक, त्याच्या हळदीच्या जेवणाची ऑर्डर तिला मिळायची होती. त्या एका ऑर्डरवर भाड्याचा गाळा घ्यायचा की नाही, ते ठरणार होतं. (तोवर धंदा घरच्या ओट्यावर आणि नवऱ्याच्या टेम्पोत.)

“सॉरी लिहून टाकते, आबा.”

“अगो, रुसलेल्या मानसाला लिवून मनवतान का? घरी जावा लागतं.”

टेम्पो डोंबिवलीला गेला. दारातली माणसं बघून बर्म्युडातला सलिल आधी म्हणाला, “काका, ती कमेंट माझ्या भावाने केलेली.” पण तोवर त्याच्या खांद्यावर शाल, हातात नारळ आणि पुढ्यात मटणाचं पातेलं आलं होतं. संध्याकाळी एकाचे पाच स्टार झाले, फोटोसकट.

फोटो सगळ्यांनी पाहिला. सबब कक्षाची रीतसर स्थापना करावी लागली. नियम असे:

एक स्टार: शाल, नारळ, मटण.
दोन स्टार: नारळ, मटण.
तीन स्टार: फोन (आवाज फारच पडलेला वाटल्यास मटण).
पाच स्टार: हात जोडल्याचं चिन्ह. ते मोबाईल आपलं आपण पाठवतो.

जनतेने उदंड प्रतिसाद दिला. कल्याणच्या विकीने ‘अजून जेवलो नाही, पण आवडलं नसतं’ असं आगाऊ नोंदवलं. एका कुटुंबाने नजरचुकीने दोन स्टार दिले होते. शाल हुकल्याचं कळताच त्यांनी दुरुस्ती केली. मनवलेल्यांपैकी शंभर टक्के लोक पुन्हा नाराज झाले. एवढी निष्ठा दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकात सापडायची नाही.

मायाताई दर रविवारी जेवण मागवायच्या आणि दर वेळी पाच स्टार द्यायच्या. एका रविवारी त्यांच्याकडे व्याही आले, हळदीचं जेवण चाखून बघायला. टेम्पो शाली घेऊन कल्याणात होता. डबा पोचला चार वाजता, गार.

मायाताईंनी काही लिहिलं नाही. पुढच्या रविवारी काही मागवलंही नाही. जागृतीने फोन केला, तर म्हणाल्या, “अगं, राग कसला गं! सवड होत नाही, एवढंच.” आणि मग एके दिवशी त्यांच्या स्टेटसला सम्यकच्या हळदीचे फोटो दिसले. ताटात भाकऱ्या दुसऱ्याच कुणाच्या, जाड जाड. जागृती गॅस बंद करून ओट्याशी उभी राहिली.

“आबा, मायाताई रुसल्यात. आपण जाऊया ना त्यांच्याकडे.”

“किती स्टार दिलं?”

“काहीच नाही दिले. लिहिलंच नाही काही.”

“मंग रुसली कशी? नियमात बसत नाय.”

जागृतीच्या घ्यायच्या राहिलेल्या गाळ्यात आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. कक्षाचं काम जोरात चालू आहे.

वाचकांनी मात्र घाबरायचं कारण नाही. तुमच्या घरात इतकी वर्षं जी एका शब्दाने तक्रार करत नाही, ती खूशच असणार. तिच्याकडून लेखी काही आलंय का? नाही ना? मग झालं तर.