आधी बोट, मग गोष्ट

मालतीताईंच्या दारात उभं राहिलं की आधी बोट पुढे करायचं. पाणी नंतर, चहा त्याहून नंतर, आणि तोही बिनसाखरेचा. गॅसवाला असो नाहीतर सोसायटीचा चेअरमन, ताई सुई टोचणार, थेंबभर रक्त साखर मोजायच्या मशीनवर घेणार, आकडा वाचणार आणि मगच विचारणार, काय काम होतं. "आधी बोट, मग गोष्ट" हे त्यांचं ब्रीद. गॅसवाला हल्ली सिलेंडर जिन्यातच ठेवून पळतो.

अशी बाई राहते कुठे, तर लोणावळ्यात, आणि तीही आमच्या डोक्यावर! खाली आमचं चिक्कीचं दुकान, मागे गुळाचा पाक उकळतोय, आणि वर साखरेची सात जन्मांची वैरीण. पाकाचा वास वर गेला की भर गिऱ्हाइकांसमोर त्यांची खिडकी धाडकन बंद व्हायची. आमचे मिस्टर कपाळाला हात लावायचे.

ताईंनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आयुष्यभर एकच काम केलं. आईच्या रक्तात साखर जास्त असली तर पोटातल्या बाळात काय व्यंग येतं, ते शोधायचं. बायकांवर असे प्रयोग कसे करणार, म्हणून कोंबडीची अंडी. अंड्यात साखरेचं पाणी सोडायचं आणि आतल्या पिल्लाचं हृदय, पाठीचा कणा कसा घडतो ते बघत बसायचं. कुठे हृदयाच्या भिंतीला भोक, कुठे कणा उघडाच. निवृत्त झाल्या तरी त्या अंडं तोंडात घालत नाहीत. कार्ल्याला रस्त्याकडेला गावठी अंडी विकणाऱ्या मावशीपाशी मात्र हमखास थांबतात, एकेक अंडं उजेडात धरतात आणि न घेता परत ठेवतात. मावशी एकदा वैतागून म्हणाली, "बाई, घ्या, न्हाईतर उबवा."

बायका त्यांना टरकून असायच्या. नवी नवरी दिसली की ताई तिला जिन्यात गाठून सांगायच्या, मूल हवं असेल तर साखर तपास, दिवस गेल्यावर नाही, आधी. साहजिकच डोहाळजेवण, बारसं, कुठलंच बोलावणं त्यांना नसे. लग्न न केलेली बाई ओटी कशी भरणार, हे एक. आणि पेढ्यांच्या ताटासमोर ती काय बोलेल याचा नेम नाही, हे दुसरं.

मला दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. त्या मावळातल्या वडिवळे गावच्या. म्हणाल्या, "तीन म्हैनं कुनाला कळू द्यायचं न्हाई. नजर लागती." दवाखानासुद्धा नको, तिथे कुणीतरी ओळखीचं भेटतंच. मी गप्प राहिले आणि रोजच्यासारखी प्रत्येक घाण्याच्या पाकाची चव घेत राहिले. चौथा लागला तशा सासूबाई चिक्कीचा डबा घेऊन, मला पुढे घालून, थाटात वर गेल्या.

ताईंनी डब्याकडे बघितलंही नाही. माझं बोट ओढलं, आकडा पाहिला आणि खुर्चीत बसल्या. कायम उभ्याने बोलणारी बाई अशी मटकन बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"हृदय पहिल्या दोन महिन्यांत घडतं गं," त्या म्हणाल्या. "तुम्ही लपवता ना, त्याच महिन्यांत."

सासूबाईंच्या हातातला डबा तसाच राहिला. जिना उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "मला कुटं म्हाईत व्हतं?"

मग डॉक्टर झाले, इन्सुलिन सुरू झालं. पण बाळाचं हृदय नीट दिसायला पाचवा महिना उजाडावा लागणार होता. तोवर नुसती वाट बघायची. मी अक्षरशः भीतीने अर्धी झाले. पाकाची चव घ्यायचं काम मिस्टरांकडे गेलं, ते दीडपट झाले, आणि ताईंनी त्यांचंही बोट सोडलं नाही. त्या रोज सकाळ-संध्याकाळ खाली यायच्या, साखर मोजायच्या, मला चालायला न्यायच्या. भाषण मात्र बंद झालं होतं. एकदा मी विचारलं, ताई, बाळ धड असेल ना? त्या म्हणाल्या, माहीत नाही. मला त्यांचा इतका राग आला! जरा खोटं बोलायला काय जात होतं? पण त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडला होता.

तपासणीला आम्ही तिघी पुण्याला गेलो. जन्मभर हृदयं बघितलेली बाई, पण ऐन वेळी म्हणाली, मी बाहेरच बसते. आत डॉक्टर बराच वेळ पोटावरून यंत्र फिरवत होते. मी मनातल्या मनात येतील त्या देवांची नावं घेतली. शेवटी ते म्हणाले, चारही कप्पे नीट आहेत, भिंत पूर्ण आहे.

सासूबाई तिथेच रडायला लागल्या. मी बाहेर येऊन ताईंना सांगितलं. त्यांनी ते मला पुन्हा सांगायला लावलं. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मलाही लहानपणापासून साखर आहे. मूल अधू होईल या भीतीने मी लग्नच केलं नाही. दिवस जायच्या आधीच साखर आवरली तर बहुतेकींचं सगळं नीट होतं, हे आम्हाला पक्कं कळलं तोवर माझं वय निघून गेलं होतं."

सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो गाडीत बसेपर्यंत काढला नाही.

सातव्यात माझं डोहाळजेवण झालं. घर बायकांनी भरलेलं, आणि ताई रोजच्यासारख्या मशीन घेऊन दारात. गर्दी बघून त्या मागे वळल्या, तशी सासूबाईंनी हाक मारली.

"ताई, पयली ओटी तुमी भरा."

बायकांत कुजबुज झाली. एकीने सवाष्णीचा विषय काढलाच. सासूबाई तिच्याकडे वळल्या. "ह्या लेकरासाटी माज्याइतकी कोन भ्याली आसंल, तर ही बाई. तीच भरनार."

ताई माझ्यासमोर बसल्या. ओंजळीतले निम्मे तांदूळ पाटाखाली सांडले. ओटी भरून झाली आणि सवयीने त्यांनी माझं बोट धरलं. मी डोळे मिटून सुईची वाट बघत राहिले, पण सुई काही टोचली नाही. डोळे उघडून पाहते तर मशीन बाजूला पडलेलं, आणि ताई नुसतं बोट धरून बसलेल्या. मीही ते काढून घेतलं नाही.